सासूसाठी स्थळ

पोलीस अ‍ॅक्शनच्या आठ-दहा वर्षं आधीची, निजामाच्या राज्यातली गोष्ट. अंबडच्या तुळजाबाई कासारणीला सासूसाठी घर शोधायचं होतं.

गावात याची चेष्टा झाली. लोक लेकीसाठी स्थळ बघतात, ही सासूसाठी बघून राह्यली, असं पारावर कुणीतरी म्हणालं. तुळजाबाई डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली आणि तुमच्या माहितीत एखादं चांगलं आहे का, असं तिनं सरळ विचारलं. तिनं खरंच विचारलं होतं.

सासू म्हणजे द्वारकाबाई. तिचा नवरा जाऊन जमाना झाला होता. तरी तिनं बांगड्या भरायचं सोडलं नाही. कासारणीच्या हाताला रंडकेपण लागत नाही, असं ती ठणकावून सांगायची. गावानं ते मान्य केलं, कारण तिच्यासारखी घट्ट बांगडी कुणाला भरता येत नव्हती. मनगटावर बसली की हलायची नाही आणि टोचायचीही नाही.

तुळजाबाई लग्न होऊन आली तेव्हा परकरी पोर होती. द्वारकाबाईनं पहिलं वर्षभर तिला बांगडी शिवू दिली नाही. नुसता हात धरायला शिकवलं. बाईचा हात गुडघ्यावर घ्यायचा. कोमट पाणी लावायचं. अंगठ्याखालचा गोळा दाबत राहायचं. बाई बोलत असते, पण हात आखडलेला असतो. तो मऊ सुटेपर्यंत बांगडी उचलायची नाही. बाई तोंड मिटून घेते, हात मिटता येत नाही, असं द्वारकाबाई म्हणायची. कुणाला सासरी पोटभर मिळत नाही, कुणाला अंगात ताप आहे, कुणाला दिवस गेलेत आणि अजून नवऱ्यालाही माहीत नाही, हे तिला हातावरून कळायचं. पुढं तुळजाबाईलाही कळायला लागलं.

एका दिवाळीत द्वारकाबाई ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, पण ते वाकडं बसलं. मग ती बसूनच सरकायची. हात मात्र पहिल्यासारखे होते. जीभही.

अडचण निराळीच होती. तुळजाबाई आणि तिचा नवरा मच्छिंद्र आठवडी बाजार करायचे. मंठा, जाफराबाद, मधली खेडी. तट्टावर माल मच्छिंद्र लादायचा, बांगड्या तुळजाबाई भरायची. एकाला घरी ठेवून दुसऱ्याला धंदा करता येत नव्हता. लेकी आपापल्या सासरी होत्या. शेजारची नंदाबाई भाकरी आणि पाणी ठेवून जायची. नंदाबाईला स्वतःचं घर, शेत, सहा लेकरं. ती ठेवायची आणि पळायची.

एकदा जाफराबादहून दोघं परत आली. द्वारकाबाई उंबऱ्याला टेकून बसलेली दिसली. तुळजाबाईनं विचारलं, आत्याबाई, कशा हायसा?

"बरी हाय," द्वारकाबाई म्हणाली. "तुमी गेल्यापासून माझ्याशी फकस्त शेळी बोलली. आन तीबी दुसऱ्याची."

मच्छिंद्र हसला. तुळजाबाईला हसू आलं नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जिचं तोंड मिटत नसे, तिचा आवाज घोगरा झाला होता. बरेच दिवस न वापरलेल्या रहाटासारखा.

त्याच संध्याकाळी द्वारकाबाईनं स्वतःच विषय काढला. जालन्याला म्हाताऱ्या बायांना ठेवून घेणारी घरं निघालीत, असं तिनं बाजारात ऐकलं होतं. मला कुठंतरी ठेवा, ती म्हणाली. मच्छिंद्र लाजला. लोक काय म्हणतील, असं पुटपुटला. द्वारकाबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती सुनेला म्हणाली, "पण तू तिथल्या बायांच्या हाताला हात लावून बघितल्याबिगर मी जायची न्हाई."

तुळजाबाईनं शब्द दिला.

जालन्यात अशी दोन घरं होती. एक स्टेशनाकडं. काही दानशूर मंडळींनी मिळून नवं बांधलेलं. दुसरं सेठाणीची कोठी. हुकमचंद सेठ वारले, त्यांची रुई काढायची जिनिंग बंद पडली. मागच्या कोठारात त्यांच्या बायकोनं, जमनाबाईनं, कुणी बघायला नसलेल्या बायांना राहायला जागा दिली होती.

नवरा-बायको आधी स्टेशनाकडच्या घरी गेले. तिथं तुळजाबाईकडून एक चूक झाली. जन्मभराची सवय. कुठल्याही घरात शिरायचं तर डोक्यावर पेटी. ती तशीच आत गेली. ओसरीवर दहा-बारा म्हाताऱ्या बसल्या होत्या. सगळ्यांची मनगटं मोकळी. सगळ्यांनी पेटीकडं बघितलं आणि मग जमिनीकडं.

तुळजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटीच्या वजनानं मान कधी दुखली नव्हती, ती दुखली.

घराची देखरेख करणाऱ्या उषाबाई पुढं आल्या. पांढरंशुभ्र लुगडं, हलका आवाज. त्यांनी काही मनावर घेतलं नाही. पेटी बाहेर ठेवा, म्हणाल्या, आणि सगळं घर स्वतः फिरून दाखवलं. लोखंडी खाटा. धुतलेल्या चादरी. विहीर बांधीव. औषधांचं कपाट. डॉक्टर येऊन जातो. दोन्ही वेळा ताजं जेवण. इथं कुणालाही काडीचं काम करावं लागत नाही, हे उषाबाईंनी जरा अभिमानानं सांगितलं. अभिमान वाटण्यासारखंच होतं ते.

तुळजाबाईनं काहीतरी निमित्त काढून एकेकीचा हात धरला. हात मऊ होते. कापसासारखे. नखं कापलेली. कुठं भेग नाही, घट्टा नाही. असे हात तिनं आजवर फक्त देशमुखांच्या वाड्यावर धरले होते. ती मनात म्हणाली, आत्याबाईनं जन्मभर काचा हाताळल्या. आता तिचे हात असे होऊ देत.

एका म्हातारीनं तिचा धरलेला हात सोडला नाही. तुळजाबाईनं हळूच ओढला. म्हातारीनं आणखी घट्ट धरला. बोलली काही नाही. उषाबाईंनी येऊन तिची बोटं प्रेमानं सोडवली.

बाहेर मच्छिंद्र लिंबाखाली तट्टाजवळ बसला होता. त्यानं आपली पाहणी करून ठेवली होती. भिंती पक्क्या, सावली चांगली, पाण्याला चव. त्याचं झालं होतं. आता दुसरीकडं जायची काय जरूर, असं त्यानं विचारलं. पोरगी द्यायची तरी माणूस दुसरं एक स्थळ बघून येतो, तुळजाबाई म्हणाली, आणि चालायला लागली.

सेठाणीच्या कोठीचा आवाज रस्त्याच्या वळणावरूनच यायला लागला. कुणीतरी कुणाच्या तरी सात पिढ्या काढत होतं. मधेच हसणं. मग पुन्हा सात पिढ्या.

या वेळी तुळजाबाईनं पेटी मच्छिंद्रकडं दिली आणि त्याला फाटकाबाहेर लांब उभं केलं. उपयोग झाला नाही. आतून एक आवाज आला.

"ए कासारणी! पेटी लपवून कुठं चालली?"

ती सोनूबाई. मंठ्याकडची. तिचा नवरा तरुणपणी गोसाव्यांबरोबर निघून गेला होता. तो परत आला नाही आणि वारल्याची बातमीही आली नाही. त्यामुळं सोनूबाई सवाष्ण होती. निदान तिचं म्हणणं तसं होतं. पण विधवांच्या घरी कासार फिरकत नाही. तिच्या बांगड्या एकेक करून वाढल्या (फुटल्या असं कासारीण म्हणत नाही) आणि नव्या कुणी भरल्या नाहीत.

बाकीच्या म्हाताऱ्यांनी तिला लगेच घेरलं. एक म्हणाली, अगं, तो असता तर आतापर्यंत नव्वदीला टेकला असता. दुसरी म्हणाली, तो कुठल्या तरी घाटावर कवाच राख झाला असंल.

"मला कुणी सांगितलं न्हाई," सोनूबाई म्हणाली. "सांगाय येऊ दे. तवर भर गं तू."

तुळजाबाईनं पेटी मागवली. पोतं अंथरलं. सोनूबाईचा हात गुडघ्यावर घेतला आणि ती दचकली. तळवा खडबडीत, बोटांच्या मुळाशी घट्टे, अंगठ्याखालचा गोळा चामड्यासारखा वाळलेला. कोमट पाणी लावलं, दाबलं, पुन्हा दाबलं. पहिली बांगडी भरताना वाढली. दुसरीही. भरताना गेलेली बांगडी कासारणीच्या पदरची, त्यामुळं म्हाताऱ्यांना फारच मजा आली. शेवटी हिरव्या बांगड्या मनगटावर बसल्या. सोनूबाईनं रीतीप्रमाणं कासारणीला वाकून नमस्कार केला. आजूबाजूच्या म्हाताऱ्या पुढं सरसावल्या, बांगड्यांना बोटं लावून बघायला लागल्या, आणि तेवढ्यात तुळजाबाईनं त्या सगळ्यांचे हात बघून घेतले. एकजात घट्टे. या वयात.

तिचं डोकं तापलं. जमनाबाई आपल्या खोलीत सुपारी कातरत होती. जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर ओढणी. तुळजाबाईनं नमस्कार केला नाही. ती सरळ म्हणाली, "सेठाणीबाई, वर धरम म्हणता आन आतून म्हाताऱ्यांकडून दळणं करून घेता?"

जमनाबाईनं अडकित्ता खाली ठेवला. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त तिला कुणीतरी ऐकणारं मिळालं होतं.

"बाई, आधी सगळं ऐक," ती म्हणाली. "मी गिरणीतून पीठ आणलं. इंजिनाच्या. कुणी बिलकुल हात लावला न्हाई. तेलाचा वास येतो म्हणतात. जातं मी बाहेर काढून टाकलं, ते यांनी ढकलत पुन्हा आत आणलं. वर मलाच विचारतात, सेठाणी, तुला कधी दळता आलं का?"

असं सांगायला काय, कोणतीही मालकीण सांगेल, तुळजाबाईच्या मनात आलं. ती तशीच निघाली. मुक्काम धर्मशाळेत केला. मच्छिंद्रनं स्टेशनाकडच्या घराच्या भिंतींची पुन्हा एकदा आठवण काढली.

पहाटे तांबडं फुटायच्या आत ती एकटीच कोठीच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. आत जात्याची घरघर चालू होती. तिनं कान दिला. दोघी दळत होत्या आणि तिसरी त्यांच्या उरावर बसली होती. काल तूच दळलंस, आज माझी पाळी. तुझं पीठ जाडंभरडं, काल भाकरी थापताना फाटली. तुझ्या हातात तर जात्याचा खुंटा राहत नाही, तू गोठ्यात जा. मग चौथा आवाज आला, आणि सगळ्या तिच्यावर उलटल्या. सोनूबाईनं खुंट्याला हात घालायचा नाही, नव्या बांगड्या वाढल्या तर अपशकुन. सोनूबाई म्हणाली, बांगड्या माझ्या, नवरा माझा, सरका. घरघर पुन्हा सुरू झाली आणि त्याबरोबर काचेची किणकिण.

भिंतीबाहेर तुळजाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

मग ती फाटकातून आत जमनाबाईच्या खोलीत गेली आणि तिला वाकून नमस्कार केला. कालचा आणि आजचा. जमनाबाईनं तो घेतला आणि आपले नियम सांगितले. दिवस मावळला की चूल बंद. घरात कांदा नाही, लसूण नाही. आम्ही जैन, त्याला इलाज नाही.

कांद्याशिवाय द्वारकाबाईनं भाकरी खाल्लेली तुळजाबाईला आठवत नव्हती. एव्हाना उजाडलं होतं. तिची नजर सहज खिडकीतून मागच्या भिंतीपलीकडं गेली. लिंबाखाली तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीनं ओच्यातून कांदा काढला, बुक्कीनं फोडला आणि तिघींत वाटला.

तुळजाबाईनं जमनाबाईकडं बघितलं. जमनाबाईनं चष्मा काढला आणि ओढणीनं सावकाश पुसायला घेतला.

"भिंतीच्या पलीकडचं मला दिसत न्हाई," ती म्हणाली. "डोळे कमजोर आहेत."

अंबडला परतताना तुळजाबाईचं मन ठरत नव्हतं. एकीकडं डॉक्टर, धुतलेल्या चादरी, कापसासारखे हात. दुसरीकडं कोठाराचे पत्रे, जमिनीवर सतरंज्या, दळण आणि शिवीगाळ. आत्याबाईनं आयुष्यभर कष्ट केले. म्हातारपणी तिला चादर द्यायची की खुंटा? आणि चुकीच्या घरात टाकलं तर ती तिथून चालत परतसुद्धा येऊ शकत नव्हती. मच्छिंद्रला विचारण्यात अर्थ नव्हता. तो तट्टाशी बोलत चालला होता.

घरी पोचल्यावर तिनं सासूला दोन्ही घरं सांगितली. कुणाची बाजू घेतली नाही. खाटा सांगितल्या, पत्रे सांगितले. घट्टे सांगितले, मऊपणा सांगितला. उषाबाईंचं चांगलं वागणं सांगितलं, आपली पेटीची फजिती सांगितली. हात न सोडणारी म्हातारी सांगितली. द्वारकाबाईनं डोळे मिटून ऐकलं. जेवणाचं विचारलं नाही, औषधाचं विचारलं नाही.

"तिनं हात धरला तवा काय म्हणाली?"

"काई न्हाई."

"आन बाकीच्या?"

तुळजाबाईनं आठवून बघितलं. ओसरी आठवली, खाटा आठवल्या, पाण्याचा माठ आठवला. एकही आवाज आठवला नाही. ते तिच्या तेव्हा ध्यानातच आलं नव्हतं. ती हात बघत होती.

"कुणीच काई बोललं न्हाई, आत्याबाई."

"मंग तिथं न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. "मऊ हात बघून भुललीस व्हय? शिकवलं कुणी तुला? हात मऊ हाय का न्हाई ते नसतं बघायचं. तो कशासाठी धरलाय ते बघायचं."

मग द्वारकाबाईनं विचारलं, "ती सोनूबाई. लई भांडते म्हणतेस?"

"लई."

"घाल गाडीत."

मच्छिंद्रनं बैलगाडी मागून आणली. खाली कडबा, वर गोधडी. द्वारकाबाई गाडीत बसली तेव्हा पारावरची मंडळी निरोप द्यायला उठली. स्थळ पसंत पडलं का, कुणीतरी विचारलं. मुलीला विचारा, तुळजाबाई म्हणाली. मुलीनं गाडीतूनच सांगितलं की माणसं भांडखोर आहेत, चांगली आहेत.

कोठीच्या फाटकात गाडी थांबली. मच्छिंद्रनं आईला उचलून ओसरीवर बसवलं. तुळजाबाई गाठोडं काढायला गाडीकडं वळली. तिच्या पाठीमागं सासूचा आवाज आला. घोगरा नव्हता.

"बघू हात. ह्या कुणी भरल्या?"

"तुझ्या सुनेनं," सोनूबाई म्हणाली.

"तरीच ढिल्या हायत. एवढ्या ढिल्या बांगड्या घालून नवऱ्याची वाट बघतीस? त्यो यायचा असला तरी यायचा न्हाई."

मग सोनूबाईनं तोंड उघडलं. गाठोडं आत पोचायच्या आत दोघींच्या सात-सात पिढ्या बाहेर आल्या होत्या. बाकीच्या म्हाताऱ्या गोल करून बसल्या. जमनाबाई खोलीतून अडकित्ता घेऊन आली आणि तिनं खांबाला टेकून चांगली जागा धरली. तुळजाबाई गाठोडं उराशी धरून तशीच उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि ते दुःखाचं नव्हतं.

जाताना तिनं बांगड्यांच्या दोन माळा सासूजवळ ठेवल्या. सोनूबाईच्या ढिल्या बांगड्या बदलायला, एवढंच मनात होतं.

पुढं बाजाराच्या फेरीत दोघं सारखी जालन्याला येत राहिली. मच्छिंद्रनं आपली जागा ठरवून टाकली, मागच्या भिंतीपलीकडं, लिंबाखाली. त्याच्या खिशात कांदे असायचे. म्हाताऱ्या त्याला जावई म्हणायला लागल्या. कुणाचा जावई, हे त्यानं कधी विचारलं नाही.

त्या दोन माळा पहिल्याच महिन्यात संपल्या. सोनूबाईच्या मनगटावरच्या घट्ट बांगड्या धुणं धुताना नदीवर बायांनी बघितल्या आणि विचारलं. मग एकेक येऊ लागली. ज्या फाटकात कासार पाऊल टाकत नसत, तिथं सणासुदीला सवाष्णींची रांग लागायला लागली. आधी लोक कुजबुजले. जमनाबाईनं आपल्या दोन्ही सुनांना तिथंच बांगड्या भरायला पाठवलं. कुजबूज थांबली.

एका नागपंचमीच्या आधी तुळजाबाई माल घेऊन आली. फाटकात बायांची गर्दी. मधोमध पोत्यावर द्वारकाबाई, वाकडा पाय एका बाजूला, समोर कुणाचा तरी हात. तिनं वर बघितलं.

"बस तिथं," ती म्हणाली. "तिघी हायत तुझ्या आदी."

तुळजाबाई रांगेत बसली. आपली पाळी आल्यावर तिनं मुकाट हात पुढं केला. सासूनं तो गुडघ्यावर घेतला, पाणी लावलं आणि अंगठ्याखालचा गोळा दाबायला सुरुवात केली. तुळजाबाईला तिचा तळवा लागला. बोटांच्या मुळाशी नवा घट्टा होता. जात्याचा. खुब्याचं हाड वाकडं, तरी बसून खुंटा ओढता येत होता म्हणजे.

द्वारकाबाई बोलत होती. सोनूबाईनं काल काय केलं, सेठाणी काय म्हणाली, रांगेतली ती निळ्या लुगड्याची किती कजाग आहे. बोलता बोलता तिची बोटं थांबली.

"खर्चा वाचवून राह्यली न्हवं?" ती म्हणाली. "बराबर जेवत न्हाईस. आठवड्याला तीन बाजार धरू नको, दोनच धर."

"हो, आत्याबाई."

"आन हात सोड ढिला. मागं लोक खोळंबलेत."

तुळजाबाईनं हात सोडला. पहिल्याच दाबाला बांगडी आत गेली.